घाटी दरवाजा, पहाटे चार ते दुपारी बारा

नवरात्रापुरतं एक यंत्र दिलं हातात,
लिंबाएवढं, स्टीलचं, अंगठ्याला एक दांडी.
दाबली की एक माणूस.
शिफ्ट संपली की कागदावर आकडा, खाली सही.
चहा दोनदा.

पहिल्या माळेला मी माणसं बघत बसले.
नथ, हिरवा चुडा, ओटीतला नारळ,
कुणाच्या तरी खांद्यावर जांभई देणारं पोर.
तीनशेच्या आतच चुकले.
बघायला गेलं की मोजायचं राहतं.
मग उंबऱ्यापुढची एक फरशी धरली
आणि त्या फरशीवर पडणारं उजवं पाऊल तेवढं.
चेहरे वर राहिले, मी खाली.
एकदा कुबडी आली आणि तिच्यासोबत डावं पाऊल.
अंगठा थांबला.
मागून रेटा आला तेव्हा दाबलं.

वर खांबावर कॅमेरा. तो डोकी मोजतो.
ऑफिसातल्या पडद्यावर प्रत्येक डोक्याला हिरवी चौकट.
परतीचा पाऊस आला, छत्र्या उघडल्या,
की पाच मिनिटं गावात कुणीच नसतं.
पदराखालचं बाळ त्याला दिसत नाही.
मला दिसतं, पण साहेब म्हणाले,
कडेवरची धरायची नाहीत,
त्यांचे पाय कुठं जमिनीला लागतात?

चप्पल स्टँडवरचे बाबालाल मुजावर हसतात.
"जोड मोजायचं, बाई. चप्पल खोटं बोलत न्हाई."
"आणि जी घरातनंच अनवाणी येत्यात ती?"
"ती ओल्या फरशीवर उठत्यात की.
तेवढा अंदाज पायजेच माणसाला."

बंदोबस्तावरच्या हवालदारांची रीत निराळी :
मनातल्या मनात रस्त्यावर चौकट आखायची,
मीटरभर लांब, मीटरभर रुंद,
सैल असली तर दोन, चेंगरली तर पाच,
बिनखांबी गणपतीपर्यंत चौकटीच चौकटी,
आणि पेपरवाल्याला सांगताना
वरून एक मूठ उत्साह.

माझी आई भाकरीनं मोजायची.
पुराच्या साली चिखलीकडची माणसं शाळेत आणली होती,
चुली मैदानात, पीठ पोत्यानं.
बाईला दोन, बाप्याला तीन, पोराला चतकोर.
तलाठ्याच्या यादीत चारशे बारा,
आईच्या टोपलीत चारशे तेरा.
हे एक जास्तीचं कोण, म्हणून तलाठी चिडला.
तर एक बाई रोज तीन भाकरी फडक्यात बांधून ठेवायची.
नवरा माडीवर राहिला होता, म्हसरांपाशी.
आई म्हणाली, "पाण्यात हाय म्हणून मोजायचा न्हाई व्हय?"
पाचव्या दिवशी नावेतनं आला तो.
शिळ्या धरून सहा खाल्ल्या.

अष्टमीला तीन कागद टेबलावर आले.
माझा एकेचाळीस हजार दोनशे सहा,
कॅमेऱ्याचा एकोणचाळीस हजार आठशे सत्तर,
बाबालालचा चाळीस हजार चारशे पंचावन्न.
साहेबांनी तिन्हींची बेरीज केली, तिनानं भागलं,
चाळीस हजार पाचशे दहा आले
आणि वर एक तृतीयांश माणूस.
तो त्यांनी पेनानं खोडला.

घरी चालत जाताना
माझी नजर अजून फरशीभर उंचीवरच होती.
उजवं, उजवं, उजवं.
एक तृतीयांश म्हणजे केवढं?
मापानं बघितलं तर
कडेवर झोपलेलं एक पोर, टोपड्यासकट.

नवव्या माळेला मान वर केली.
कडेवरची, खांद्यावरची, झोळीतली, पदराआडची,
सगळी धरली.
एका बाईचं पोट बघून अंगठा घुटमळला,
तिनं माझ्याकडं बघितलं,
मी दोनदा दाबलं.

आज आकडे जुळणार नाहीत.
कुणी विचारलंच तर सांगेन,
पाऊस होता, दांडी ओली झाली,
अंगठा सटकला.